पनवेल खाडीत कधीच न उतरलेले विमान

अल्लाहच्या नावाने लिहितो.

मी, हसन दाऊद तुंगेकर, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा न्हावा शेवा बंदरात कस्टममधून माल सोडवणे, सध्या निवृत्त, राहणार सेक्टर अकरा, कामोठे, नवी मुंबई, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे सर्टिफिकेट जोडले आहे. शिवाय काल संध्याकाळी मी मोहरीएवढा लाल दिवा चिमट्याने एका मॉडेल विमानाच्या पंखाच्या टोकावर बसवला आणि हात हलला नाही, हेही नोंदवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट माझी मुलगी नूरीन म्हणते, "अब्बा, एवढी घाई कशाला?" घाई नाही. पण मी केलेली एक लबाडी मी तोंडाने कबूल केली आहे, कागदावर केलेली नाही. आणि आयुष्यभर कागदांवर पोट भरलेल्या माणसाने ते काम अर्धवट ठेवू नये, असे मला वाटते.

वकील सुचिता घरत यांनी मला एक नमुना दिला होता. त्यात प्रत्येक कलम चार ओळींचे होते. माझी लांबली आहेत. त्यांनी वाचून पाहिली आणि म्हणाल्या, "काका, जास्त आहे. पण चालेल."

कलम १. आमच्या शरियतीप्रमाणे माणसाला आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच मृत्युपत्र करता येते, आणि तेही वारसांना सोडून इतरांसाठी. बाकीच्या दोन हिश्श्यांची वाटणी आधीच ठरलेली आहे. तिच्यात मी शब्द घालत नाही. माझे वारस दोन. मुलगा कैफ, जो दोह्याला नोकरी करतो, आणि मुलगी नूरीन, जी पनवेलला पॅथॉलॉजी लॅब चालवते. जुईनगरची जुनी खोली मी हयातीतच नूरीनला बक्षीस दिली आहे व ताबाही दिला आहे. कैफला ते मान्य आहे.

सन २०१७ मध्ये आम्ही जुईनगरहून कामोठ्याला राहायला आलो, तेव्हा सुट्टीवर आलेल्या कैफने माझ्या तयार विमानांच्या दोन खोक्यांवर "खेळणी" असे लिहून ते गच्चीवर ठेवले. मे महिना होता. सहा विमानांचे पंख उन्हाने मऊ होऊन खाली लोंबले. मी रागाने वहीच्या पानावर लिहिले होते की याला माझी टाचणीसुद्धा मिळू नये. ते पान मी या कागदाने रद्द करतो. राग गेला आहे. सगळा नाही, पण गेला आहे.

कलम २. आता त्या खेळण्यांबद्दल. सन १९९६ मध्ये एका कंटेनरमध्ये पाणी शिरले आणि मागवणाऱ्याने माल सोडवलाच नाही. पुढे लिलावात त्यातले एक खोके मी घेतले, ते फक्त एवढ्याचसाठी की तपासणीच्या वेळी मी त्यात डोकावलो होतो. आत एक विमान होते, दोनशे तुकड्यांत, आणि ते कसे जोडायचे याचा एक नकाशा, ज्यावर मला वाचता येईल असा एकही शब्द नव्हता. आमचे वाडवडील मचव्यांवर तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य खलाशी, होते. माझ्या घरात कोणी विमानाला हात लावला नव्हता. ते पहिले विमान मी चार महिन्यांत जोडले, चाके उलटी बसवली, आणि त्यानंतर हा नाद सुटला नाही.

माझा कंप्रेसर, रंग फवारायची बंदूक, चिमटे, भिंगे, पुट्टी व सर्व रंग वाशीच्या आमच्या हौशी मॉडेलकारांच्या मंडळाला द्यावेत. रंगांचा तक्ता मात्र वेगळा काढावा. तो श्री. इंद्रजित वर्तक यांना द्यावा. मंडळाच्या २०१२ च्या प्रदर्शनात हे परीक्षक होते. माझ्या लढाऊ विमानाच्या शेपटीवर तिरंग्याचे पट्टे होते. चाळीस माणसांसमोर ते म्हणाले, "तुंगेकर, हा केशरी नाही, विटकरी आहे. निदान झेंडा तरी नीट पाहायचा." त्यांच्या मनात काही नसेल. पण झेंडा नीट पाहायला मला सांगितले गेले आणि ऐकणाऱ्यांपैकी दोघे हसले. तक्त्याच्या सहाव्या पानावर मी खूण केली आहे. केशरी बरोबर होता.

कलम ३. त्या वर्षी मी ठरवले की असे विमान करायचे, ज्यात कोणाला चूक काढताच येणार नाही. असे विमान एकच असते, जे कधी झालेच नाही ते.

लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातले चार इंजिनांचे मोठे बॉम्बफेकी विमान. युद्ध संपल्यावर अशी कित्येक विमाने आपल्याकडे मोडीत टाकलेली होती. त्यांतली निवडक दुरुस्त करून आपल्या हवाई दलाने पुढे वीस वर्षे वापरली. इथपर्यंत सगळे खरे आहे. यापुढचे माझे. मी ठरवले की त्यांतल्या एका विमानाला समुद्रावर गस्त घालण्यासाठी होडीसारखे पोट बसवले, १९५१ साली पनवेलच्या खाडीत त्याची चाचणी झाली, आणि मग कोणीतरी फाइल बंद केली.

ते करायला मला अकरा महिने लागले. बाजारात मिळणाऱ्या लिबरेटरचे पोट करवतीने कापले आणि प्लास्टिकच्या पट्ट्या तापवून, वाकवून, नवे पोट घडवले. पाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या पोटाखाली एक पायरी लागते, नाहीतर पाणी त्याला चिकटवून धरते, सोडत नाही. ही पायरी कुठे घ्यायची यावर मी दोन महिने घालवले. जे विमान कधी उडणार नव्हते, ते उडू शकले असते की नाही हे मला कळायला हवे होते. माझी पत्नी खुर्शीद मागे उभी राहून बघायची.

"हे कुठलं विमान?"

"हे कुठलंच नाही."

"मग एवढी मेहनत?" ती म्हणाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "पुढून जड दिसतंय. नाक खुपसेल पाण्यात." तिचे बरोबर होते. मी पायरी दोन मिलिमीटर पुढे घेतली.

२०१३ च्या प्रदर्शनात मी ते मांडले. समोर कार्ड ठेवले: "लिबरेटर, जलविमान प्रकार. एकमेव नमुना. चाचणी: पनवेल खाडी, १९५१." इंद्रजित वर्तकांनी ते कार्ड दोनदा वाचले आणि आजूबाजूच्यांना सांगितले, "हो, याबद्दल मी वाचलंय." माझी थट्टा तिथे पूर्ण झाली होती. मी सामान आवरून घरी जायला हवे होते.

कलम ४. श्री. गोटीराम कमळू मढवी हे कामोठ्याच्या जुन्या गावातले. एकोणीस वर्षांचे असताना ते सर्व्हेच्या कामावर मोजणीची साखळी धरायला लागले आणि पुढे सर्व्हेअर होऊन निवृत्त झाले. नवे शहर वसवायला ज्या शेतांची आणि मिठागरांची मोजणी झाली, त्यांत त्यांच्या वडिलांचा तुकडाही होता. त्या दिवशी साखळीचे एक टोक त्यांच्याच हातात होते. हे त्यांनी मला नंतर सांगितले.

त्या रविवारी ते एका लग्नासाठी वाशीला आले होते आणि हॉल चुकून आमच्या प्रदर्शनात शिरले. माझ्या टेबलासमोर थांबले ते हललेच नाहीत.

"हे आमचे खाडीत उतरलेलं?"

"हो," मी म्हणालो.

"मी त्या खाडीचे चाळीस नकाशे पाह्यलेत. सगल्यांवर येकच लिवलंय, दलदल. हिकडं कायतरी झालतं असं लिवलेला ह्यो पयला कागद."

तेव्हा मी बोलायला हवे होते. बोललो नाही. पंधरा दिवसांनी ते माझे घर शोधत आले. हातात पिशवीभर निवटे मासे होते, सकाळीच खाडीत धरलेले. त्यांना त्या विमानाचा फोटो हवा होता. "नाही" म्हणणे पुरले असते. मी "पाहतो" म्हणालो. आणि मग ओहोटीच्या वेळी मॉडेल घेऊन खाडीवर गेलो, फळीवर ठेवून चिखलातल्या डबक्यात सोडले, पोटावर आडवे होऊन फोटो काढला, तो काळा-पांढरा करून जुन्या कागदावर छापला आणि चहाच्या पाण्यातून काढला. थट्टा वर्तकांची होती. ही लबाडी गोटीरामभाऊंशी केली.

त्यानंतर आठ वर्षे त्यांनी ते विमान शोधले. माहितीच्या अधिकारात अर्ज केले. दिल्लीला पत्रे पाठवली. दोनदा बंगळूरला जाऊन आले, दुसऱ्या खेपेला अंगात ताप असताना. सगळीकडून उत्तर एकच यायचे, माहिती उपलब्ध नाही. ते आमच्या सोफ्यावर बसून मला समजावायचे, "हसनभाई, नव्हतं असं कोनी लिवलेलं नाय. उपलब्ध नाय असं लिवलंय. म्हंजे कुठंतरी हाय." त्यांची फाइल दोनशे बारा पानांची झाली. गावच्या माघी गणपतीत ते दरवर्षी त्या विमानावर अर्धा तास बोलायचे.

खुर्शीद त्यांनी आणलेले मासे साफ करून शेजारी देऊन टाकायची. "त्या माणसाचं माझ्या घशाखाली उतरत नाही," ती म्हणायची. "आधी सांगून टाका, मग मी रांधते." अल्लाहचा हक्क चुकला तर अल्लाह माफ करील, पण बंद्याचा, म्हणजे माणसाचा, हक्क बुडवला तर त्या बंद्यानेच माफ करावे लागते, हे आम्ही दोघेही लहानपणी शिकलो होतो. तिने मला त्याची आठवण करून दिली. २०१८ मध्ये ती गेली. तिच्या शेवटच्या आजारात गोटीरामभाऊंनी तिला दोनदा रक्त दिले. तरीही मी बोललो नाही.

का बोललो नाही, हे इथे खरे लिहितो. भीती होतीच. पण तेवढीच नव्हती. त्यांच्या बोलण्यातून माझे विमान दर भेटीत थोडे जास्त खरे होत होते. वैमानिक कुठे राहिले असतील, पेट्रोल कुठल्या वाटेने आले असेल, हे ते इतके बारकाईने मांडायचे की पुढे काय होते ते मला ऐकायचे असायचे.

कलम ५. डिसेंबर २०२१ मध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. "हसनभाई, मिललं! इमान पाह्यलेलं मानूस मिललं!"

जे विमान मी जेवणाच्या टेबलावर पुट्टी घासून केले, ते कोणी कसे पाहील?

त्या बाईंचे नाव वेणूबाई भोईर. वय तेव्हा सत्याहत्तर. त्या खाडीपलीकडे गव्हाणच्या बाजूला आपली मुलगी पुतळा हिच्याकडे राहतात. लहानपण मिठागरावर गेलेले. मी गोटीरामभाऊंना विचारले, "तुम्ही त्यांना फोटो दाखवलात?" ते म्हणाले, "पयला फोटोच दावला." मला वाटले, झाले, फोटो पाहून म्हातारी हो म्हणाली. तरी मला राहवले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना न सांगता नूरीनच्या गाडीतून गव्हाणला गेलो. फोटो नेला नाही. विमानाचे नावही काढले नाही. लहानपणी खाडीत काय काय पाहिलेत, एवढेच विचारले. वेणूबाई कोलंबीबद्दल बोलल्या, वाहून आलेल्या बैलाबद्दल बोलल्या, आणि मग आपणहून म्हणाल्या:

"आनि येकदा इमान आलतं. पान्यावं बसलं, बगल्यावानी."

"फिरणारे पंखे किती होते?" मी विचारले.

"दोन. वरती, पाठीवं. गोटीरामाला बी मी दोनच सांगलं. तो म्हने चार. मी म्हनलं, बाबा, तुना चार पायजेत तं चार."

नूरीन माझ्याकडे बघायला लागली. वेणूबाई सांगत राहिल्या. विमानाच्या नाकावर झाकण होते. त्यातून एका माणसाने डोके बाहेर काढले आणि बांधावर उभ्या असलेल्या त्यांच्या आईकडे प्यायचे पाणी मागितले. तेवढ्यात भरती उतरली आणि विमान चिखलात रुतले. "दुसऱ्या भरतीपरत तिथंच. मंग मिठागरावरची सगली मानसं लागली ढकलाला. कालवांच्या शिपल्यांनी माज्या बापाचे पाय फाटले. महिनाभर लंगडत व्हता."

"केवढं मोठं होतं?"

त्या उठल्या आणि विहिरीपासून फाटकापर्यंत पावले टाकत गेल्या. नूरीनने अंतर मोजले. त्रेचाळीस फूट. लिबरेटर सदुसष्ट फुटांचे असते.

परत येताना गाडीत नूरीन म्हणाली, "अब्बा, ती खोटं बोलत नाहीये."

"नाही. खोटं मी बोललोय."

"मग तिने पाहिलं काय?"

घरी येऊन मी माझी सगळी पुस्तके काढली. पन्नाशीच्या दशकात आपल्या नौदलाकडे पाण्यावर उतरणारी दोन इंजिनांची लहान विमाने होती. एवढे पुस्तकांत आहे. त्यांतले एखादे पनवेलच्या खाडीत उतरले, असे कुठेही नाही. वेणूबाईंनी काय पाहिले, हे मला कळायलाच हवे होते. आणि ते शोधायला खाडीकाठचे प्रत्येक घर ठाऊक असलेला, उपलब्ध नाही या उत्तराने न थकणारा माणूस हवा होता. असा माणूस मला एकच ठाऊक होता.

कलम ६. जानेवारी २०२२, सोमवारी सकाळी मी गोटीरामभाऊंच्या घरी गेलो. ते ओटीवर बसून वेणूबाईंची हकीकत फाइलला चिकटवत होते. मी सगळे सांगितले. वर्तकांपासून चहाच्या पाण्यापर्यंत. त्यांच्या पत्नी गोजरावहिनी चहा घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या.

गोटीरामभाऊंनी एकच गोष्ट विचारली. "फोटोतलं पानी कुटलं?"

"आपल्याच खाडीचं. तुमच्या घरामागचं."

"म्हंजे पानी तेवढं खरं." त्यांनी डिंकाच्या बाटलीचे झाकण लावले. "तू जा आता."

आठ वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा तू म्हटले. वहिनी म्हणाल्या, "अवो, चा तरी घेऊ द्या." ते म्हणाले, "चा घेऊन जाऊ दे. पन जाऊ दे." मी तो चहा उभ्याने प्यायलो. तोंड भाजले.

त्यानंतर चौदा महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. मार्केटमध्ये समोर आलो तर रस्ता ओलांडायचे. गोजरावहिनी रक्त तपासायला नूरीनच्या लॅबमध्ये आल्या होत्या, त्यांच्याकडून कळले की त्या वर्षी माघी गणपतीत ते नेहमीसारखे बोलायला उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "ते इमान नव्हतं. मी फसलो." कोणी फसवले, असे लोकांनी विचारले. त्यांनी माझे नाव सांगितले नाही. या सगळ्यात मला सर्वांत जड गेले ते हे.

मार्च २०२३ मध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात गोटीराम, काखेत फाइल. आत येऊन त्याने ती टेबलावर उघडली. पानामागून पान लाल पेन्सिलने खोडलेले होते. "दोनशे बारातली दोनशे तीन तुजी," तो म्हणाला. "ही नऊ माजी." नऊ पानांत वेणूबाईंची हकीकत होती, मिठागरांचा जुना नकाशा होता आणि बाकी त्याने स्वतः मोजलेल्या बांधांची टिपणे होती.

"म्हातारीनं काय पाह्यलं ते मना पायजे," तो म्हणाला. "तुना नको का?"

"पाहिजे."

"मंग तोंड काय बगतोस? पोरीला गाडी काढाला सांग."

माफ केले, असे तो बोलला नाही. आजपर्यंत बोललेला नाही. मी या कागदातूनही ते मागत नाही. तेव्हापासून मीही त्याला तू म्हणतो, म्हणून इथून पुढे मी त्याच्याबद्दल एकेरीत लिहीत आहे, याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये.

कलम ७. माझे दुसरे विमान मी सागाच्या तुकड्यातून केले, किटमधून नाही. ते वेणूबाईंच्या सांगण्यावरून केले आहे. ओबडधोबड लाकूड घेऊन आम्ही दोघे पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाक जरा उचला." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "शेपूट असं नाय, वरती." तिसऱ्या खेपेला त्यांनी ते हातात घेतले, नाकावरच्या झाकणावर बोट ठेवले आणि पुतळाला हाक मारून म्हणाल्या, "ये, बग, हिकडून त्यानं पानी मांगलं."

एक वाद शिल्लक आहे. नौदलाच्या त्या विमानाचा जो नकाशा मला मिळाला, त्यात दार डाव्या अंगाला आहे. वेणूबाई उजव्या अंगाला सांगतात. गोटीरामने जुना बांध शोधून काढला, त्या कुठे उभ्या होत्या ते विचारले, भरती कुठल्या दिशेने चढते ते पाहिले, आणि निकाल दिला की तिथून विमानाची उजवीच बाजू दिसेल. मी दार उजवीकडे केले आहे. म्हणजे पुस्तकांच्या मते माझे हे विमानही कधी नसलेल्या प्रकारचे आहे. फरक एवढाच की या वेळी ते मी मनाने केलेले नाही.

नोंद का नाही, यावर गोटीरामचे म्हणणे असे: "सरकारी इमान चिखलात रुतलं आनि मिठागरवाल्यांनी ढकललं, असं कोन साहेब लिवल?" मला ते पटते. पण पटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. हे सिद्ध झालेले नाही, असे मी इथे स्पष्ट लिहितो. पुन्हा माझ्या नावाने कोणी भलतेच सांगत फिरू नये.

हे सागाचे विमान श्रीमती वेणूबाई भोईर यांना द्यावे. माझ्या आधी त्या गेल्या तर पुतळाला द्यावे. पक्का कागद सापडेपर्यंत दाराची बाजू कोणी बदलू नये.

कलम ८. लिबरेटर जलविमान मी गोटीरामला लिहून दिले होते. गेल्या बुधवारी सुचिताबाईंच्या पनवेलच्या ऑफिसात कच्चा मसुदा वाचायला आम्ही दोघे गेलो. मला तोच साक्षीदार म्हणून हवा होता. सुचिताबाई म्हणाल्या, "काका, एकच काहीतरी ठरवा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. यांना विमान तरी द्या, नाहीतर यांची सही तरी घ्या."

मी म्हणालो, "मग विमान द्या त्याला. सही आमच्या सोसायटीच्या हरेशभाऊंची आणि आणखी कोणाची घेऊ."

गोटीरामने सगळी पाने माझ्या हातातून घेतली आणि पहिल्यापासून वाचायला लागला. अर्धा तास गेला. सुचिताबाईंनी मध्ये दोन पक्षकार आटोपले. चौथ्या कलमाशी तो बराच वेळ थांबला. मग पाने टेबलावर ठेवून म्हणाला, "इमान मना नको. मी सही करतो."

"अरे, तुझ्यासाठीच ठेवलंय ते."

"आठ वर्सं मी खोट्याला साक्षीदार व्हतो," तो म्हणाला. "आता येकदा खऱ्याला व्हतो."

सुचिताबाईंनी पेन खाली ठेवले.

म्हणून कलम बदलले. लिबरेटर गावातल्या शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवावे. समोरचे कार्ड गोटीरामने सांगितले आणि मी लिहिले: "हे विमान कधीच नव्हते. करणारा: हसन तुंगेकर. फसलेला: गोटीराम मढवी." मी म्हणालो, तुझे नाव कशाला? तो म्हणाला, पोरांनी विचारायला पाहिजे, कसा फसला म्हणून.

माझ्या एक तृतीयांश हिश्श्यातून बाकी जे राहील, ते खाडीकाठच्या गावांतल्या वयस्कर माणसांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घेण्यासाठी वापरावे. कोणाकडे जायचे हे गोटीराम सांगेल. त्याला यातून मिळणार काही नाही, फक्त काम मिळेल. हे सुचिताबाईंना विचारूनच लिहिले आहे. फोटो दाखवून कोणाला काही विचारू नये. व्यवस्था नूरीनने पाहावी. तिला यात पडायचे नाही असे ती दोनदा म्हणाली, पण त्रेचाळीस फूट मोजताना तिचा चेहरा मी पाहिला आहे.

माझा जनाजा कोणासाठी थांबवू नये, कैफसाठीही नाही. त्याने सवडीने यावे आणि तक्त्याचे सहावे पान वर्तकांना स्वतः उघडून दाखवावे.

वरची आठ कलमे मी लिहिली, मोठ्याने वाचून दाखवली, आणि त्यांतले एकही मला परत घ्यावेसे वाटत नाही. खाली सही करतो.

ठिकाण: कामोठे, नवी मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही
हसन दाऊद तुंगेकर

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत यांनी सही केली व आम्ही एकमेकांसमोर सह्या केल्या.

साक्षीदार पहिले: हरेश नामदेव ठाकूर, सेक्रेटरी, आमची सोसायटी. (सही)

साक्षीदार दुसरे: गोटीराम कमळू मढवी, निवृत्त सर्व्हेअर, कामोठे गाव. (सही)

सहीखाली साक्षीदार दुसरे यांच्या अक्षरात: सर्व वाचले. बरोबर आहे. न्हावा गावात सखू तांडेल म्हणून नव्वदीची बाई आहे, काल पत्ता लागला. ती म्हणते विमान एकदा नाही, दोनदा आले होते. रविवारी सकाळी मी आणि हसन जाणार आहोत. तोवर या कागदाची कोणी घाई करू नये.